डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी: दवाखान्यातून विधिमंडळात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत मुथुलक्ष्मी रेड्डी हे नाव ‘पहिल्या महिला आमदार’ एवढ्या एका ओळीत येतं आणि पाठ करून सोडून दिलं जातं. त्या ओळीच्या पलीकडे खूप काही आहे. एका डॉक्टर बाईने कायदा करायला घेतला, तेव्हा तिने नेमकं कुठे बोट ठेवलं, हे समजून घेण्यासारखं आहे. या विषयावर नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

थोडक्यात सांगायचं तर मुथुलक्ष्मी रेड्डी कोण होत्या?

जन्म ३० जुलै १८८६, पुदुकोट्टई संस्थानात, म्हणजे आजच्या तमिळनाडूत. मद्रास मेडिकल कॉलेजातून १९१२ साली डॉक्टर झाल्या. १९२७ पासून मद्रास प्रांताच्या विधिमंडळात सदस्य आणि उपसभापती होत्या. १९३० मध्ये राजीनामा दिला. त्यानंतर निराधार मुलींसाठी अव्वै होम आणि अड्यारची कर्करोग संस्था उभी केली. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं. २२ जुलै १९६८ रोजी मद्रासमध्ये निधन झालं.

त्यांच्या आईचा उल्लेख नेहमी का येतो?

कारण पुढच्या सगळ्या कामाची नाळ तिथेच जोडलेली आहे. वडील नारायणस्वामी अय्यर हे ब्राह्मण आणि शिक्षणक्षेत्रातले. आई चंद्रम्माळ इसै वेल्लाळर समाजातली, म्हणजे ज्या समाजातल्या मुली पिढ्यान्‌पिढ्या देवळाला वाहिल्या जात, त्या समाजातली. वडिलांच्या नातेवाइकांनी हे लग्न कधी मनापासून स्वीकारलं नाही. मुथुलक्ष्मींना लहानपणापासून दोन्ही बाजू दिसत होत्या. एकीकडे पुस्तकं आणि परीक्षा, तर दुसरीकडे आईच्या माहेरच्या मुलींच्या वाट्याला येणारं आयुष्य.

पुढे सभागृहात त्या देवदासी प्रथेवर बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा हा विषय त्यांच्यासाठी अहवालातून आलेला नव्हता. असं असूनही त्यांनी भाषणांत घरच्या दुःखाचं भांडवल केलं नाही. वैद्यकीय परिणाम, कायद्यातल्या पळवाटा आणि जमिनीचे व्यवहार हेच त्यांचे मुद्दे असत. मला त्यांची ही शिस्त फार मोलाची वाटते.

त्या भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर होत्या का?

नाही. आपल्या आनंदीबाई जोशींना मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी मिळाली. त्याच वर्षी जुलैत मुथुलक्ष्मींचा जन्म झाला. कादंबिनी गांगुलीही त्याच सुमाराच्या. डॉ. रखमाबाई १८९४ मध्ये लंडनहून डॉक्टर झाल्या. खुद्द मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ सालीच मेरी शार्लीब यांच्यासह काही स्त्रियांना प्रवेश दिला होता.

मुथुलक्ष्मींची खरी झुंज झाली ती त्याआधी, पुदुकोट्टईत. मॅट्रिकचा अभ्यास त्यांनी घरी केला. नंतर मुलांच्या महाराजा कॉलेजात प्रवेश मागितला, तेव्हा गावात गहजब झाला. मुलगी वर्गात बसली तर मुलं बिघडतील, असं म्हणणारे होते. मुलांना कॉलेजातून काढून घेण्याची धमकी देणारे पालकही होते. शेवटी संस्थानचे राजे मार्तंड भैरव तोंडैमान यांनी परवानगी दिली म्हणून दार उघडलं. तिथून त्या १९०७ मध्ये मद्रासला मेडिकलला गेल्या आणि पदकं मिळवून बाहेर पडल्या. एग्मोरच्या स्त्रिया आणि मुलांच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी हाउस सर्जन म्हणून काम केलं.

लग्नानंतर प्रॅक्टिस सुटली नाही का?

नाही. १९१४ मध्ये त्यांनी डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी लग्न केलं, तेही अट घालून. आपल्याला बरोबरीने वागवावं आणि आपल्या कामाच्या आड येऊ नये, ही ती अट. ती पाळली गेली. दोन मुलं झाली, मद्रासमध्ये प्रॅक्टिस जोरात चालली. १९२५ मध्ये स्त्रिया आणि बालकांच्या आजारांच्या पुढील अभ्यासासाठी त्या लंडनला गेल्या. १९२६ मध्ये पॅरिसला स्त्री-मताधिकाराची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिलाही भारतातल्या स्त्रियांच्या प्रतिनिधी म्हणून हजर राहिल्या.

राजकारणात कशा आल्या? निवडणूक लढवली होती का?

निवडणूक लढवली नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर त्या राज्यपालनियुक्त आमदार होत्या.

मद्रास प्रांतात स्त्रियांना १९२१ मध्ये मताचा अधिकार मिळाला, पण मालमत्तेच्या अटीमुळे तो थोड्याच जणींपुरता होता. विधिमंडळात बसण्याची मुभा मिळाली १९२६ मध्ये. त्या वर्षी कमलादेवी चट्टोपाध्याय निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी हरल्या. मग विमेन्स इंडियन असोसिएशनने एका तरी स्त्रीची नियुक्ती व्हावी म्हणून गव्हर्नरकडे आग्रह धरला. ही संघटना १९१७ मध्ये अड्यारला स्थापन झाली होती. ॲनी बेझंट आणि मार्गारेट कझिन्स या तिच्या संस्थापकांपैकी होत्या. असोसिएशनने मुथुलक्ष्मींचं नाव पुढे केलं.

त्यांची स्वतःची तयारी नव्हती. रुग्ण सोडून सभागृहात बसायचं म्हणजे प्रॅक्टिसवर पाणी सोडण्यासारखं होतं आणि राजकारणाचा अनुभव शून्य. मैत्रिणींनी गळ घातली म्हणून त्या तयार झाल्या. सभागृहात सव्वाशेच्या वर पुरुष आणि ही एकटी बाई. त्याच सभागृहाने त्यांना एकमताने उपसभापती केलं.

‘भारतातल्या पहिल्या महिला आमदार’ हे बिरुद बरोबर आहे का?

ब्रिटिश हिंदुस्थानापुरतं बरोबर आहे. संस्थानं धरली तर त्रावणकोरमध्ये १९२० च्या दशकातच डॉ. मेरी पुन्नेन लुकोस यांची तिथल्या विधिमंडळावर नियुक्ती झाली होती. त्याही डॉक्टर होत्या. म्हणजे ब्रिटिश मुलूख घ्या की संस्थान, पहिलेपणाचा मान एका डॉक्टर बाईकडेच जातो. हा योगायोग म्हणता येणार नाही. त्या काळात घराबाहेर स्वतःच्या नावावर काम करणाऱ्या, कमावणाऱ्या आणि सरकारदरबारी ज्यांचं ऐकलं जाईल अशा स्त्रिया होत्याच किती? डॉक्टर आणि शिक्षिका. दाराआड बायकांचं काय चाललंय हे पुराव्यानिशी सांगू शकणाऱ्या तर डॉक्टरच.

सभागृहात त्यांनी कोणकोणते विषय मांडले?

शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी, बायका-मुलांच्या दवाखान्यांना पैसा, बाळंतपणाच्या सोयी, मुलींचं शिक्षण. हे विषय भाषणात गोड वाटतात, पण अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी रक्कम पडेपर्यंत नेट लावावा लागतो. तो त्यांनी लावला. शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या हार्टोग समितीवरही त्या होत्या. त्या समितीचा अहवाल १९२९ मध्ये आला.

बालविवाहावर त्या डॉक्टर म्हणून बोलत. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचं बाळंतपण कसं असतं, त्यात ती वाचली तर पुढे काय भोगते, हे त्या सभागृहात सांगत. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी हेच चाललं होतं. केंद्रीय कायदेमंडळाने १९२९ मध्ये शारदा कायदा केला आणि लग्नाचं किमान वय मुलींसाठी १४ आणि मुलांसाठी १८ ठरवलं. त्यामागे देशभरातल्या स्त्री-संघटनांनी उभा केलेला दबाव होता आणि मुथुलक्ष्मी त्यात पुढे होत्या. वेश्यागृहं चालवणाऱ्यांविरुद्धचा मद्रासचा कायदाही १९३० मध्ये झाला, त्यातही त्यांचा वाटा मोठा.

देवदासी प्रथेविरुद्ध कायदा आधीपासून नव्हता का?

होता, पण लंगडा. अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणं किंवा विकत घेणं हा भारतीय दंडसंहितेच्या ३७२ आणि ३७३ कलमांखाली गुन्हा होताच. अडचण पुराव्याची होती. मुलीच्या गळ्यात देवाच्या नावाने पोट्टू बांधला, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र बांधतात तसा दोरा बांधला, तर तो धार्मिक विधी. त्यामागचा हेतू वेश्याव्यवसायाचा आहे हे कोर्टात सिद्ध कोण करणार? साक्ष द्यायला घरातलंच माणूस हवं, आणि घरातल्यांनीच तर मुलगी सोडलेली.

नोव्हेंबर १९२७ मध्ये मुथुलक्ष्मींनी ठराव आणला की ही प्रथा बंद करण्यासाठी सरकारने कायदा करावा. तो एकमताने मंजूर झाला. ठराव मंजूर होणं आणि कायदा होणं यात किती अंतर असतं, ते त्यांना लगेच कळलं. सरकारने मतं मागवली, कागद फिरत राहिले.

मग १९२९ मध्ये नेमकं काय झालं? त्या दुरुस्तीला एवढं महत्त्व का?

माझ्या मते त्यांच्या आमदारकीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच. तरीही बहुतेक लेखांत ते एका वाक्यात उरकलेलं असतं, म्हणून जरा सविस्तर.

अनेक देवळांनी देवदासींच्या घराण्यांना इनाम जमिनी दिल्या होत्या. जमीन कसायची किंवा खंडाने द्यायची, उत्पन्न खायचं आणि बदल्यात देवळात सेवा करायची. सेवा कोणी करायची? घराण्यातल्या, देवाला वाहिलेल्या बाईने. ती थकली की पुढच्या पिढीतली एक मुलगी तिच्या जागी उभी राहायला हवी. नाही राहिली, तर सेवा खंडित झाली म्हणून जमीन जाणार.

आता एका घराचा विचार करा. आजी सेवेतून निवृत्त व्हायला आलेली, आई वारलेली, घरात दोन मामा, त्यांच्या बायका, मुलं आणि नऊ वर्षांची एक भाची. सगळ्यांचं पोट त्या दोन एकरांवर. भाचीच्या गळ्यात पोट्टू बांधला तर जमीन राहते, नाही बांधला तर दहा माणसं रस्त्यावर येतात. या घराला कोणीही सुधारकाने येऊन कितीही समजावलं, तरी निर्णय काय होणार हे उघड आहे. मुलगी नसेल तर दत्तक घेतली जाई, तीही याच कारणासाठी.

मुथुलक्ष्मींनी ही गाठ ओळखली. शिक्षा करणारा कायदा होत नाही ना, मग ज्या कारणाने मुलगी सोडली जाते ते कारणच काढून घेऊ. त्यांनी मद्रासच्या हिंदू धर्मादाय कायद्यात दुरुस्ती सुचवली. इनाम जमिनीवरची सेवेची अट रद्द करायची, जमीन त्या घराकडेच राहू द्यायची आणि तिच्यावर ठरावीक आकारणी बसवायची. ही दुरुस्ती १९२९ मध्ये मंजूर झाली. जमीन टिकवायला मुलगी देण्याची गरज कायद्याने संपली.

यात कोणाला तुरुंगात टाकलं नाही, कोणाच्या श्रद्धेवर हात टाकला नाही आणि कोणाचं अन्न हिरावलं नाही. लक्षण दाबण्यापेक्षा आजाराचं मूळ शोधायचं, ही डॉक्टरची सवय इथे कायद्यात उतरलेली दिसते.

या दुरुस्तीचा फायदा खरोखर स्त्रियांना झाला का?

काहींना झाला, पण सरसकट नाही. पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी एक गंभीर मुद्दा मांडला आहे. देवदासींच्या घरात मिळकत बायकांच्या हातात असे आणि मुलीला वारसा मिळे. सेवेची अट गेली, प्रथा गेली आणि समाज इतरांसारखा पुरुषप्रधान वारशाकडे वळला, तेव्हा जमिनी मुलग्यांकडे आणि भावांकडे गेल्या. ज्या बाईच्या नावावर घर चालत होतं ती परावलंबी झाली. शिवाय ज्यांच्याकडे इनाम नव्हतंच, त्या स्त्रियांना या दुरुस्तीने काही दिलं नाही. हा आक्षेप मला पटतो. मात्र त्यासाठी नऊ वर्षांच्या मुलीला देवाला सोडणं चालू ठेवायला हवं होतं, असं त्यातून निघत नाही. पुनर्वसनाची तरतूद सोबत हवी होती, एवढंच निघतं.

विरोध कोणी केला?

सनातन्यांनी केला, हे अपेक्षितच. काँग्रेसचे एस. सत्यमूर्ती यांच्यासारख्या नेत्यांनीही केला. देवदासी म्हणजे आपल्या संगीत-नृत्याचा ठेवा, ही प्रथा गेली तर कला जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण सर्वात बोलका विरोध होता खुद्द देवदासींचा. मद्रासमधल्या देवदासींनी संघटना केली आणि सरकारला निवेदनं दिली. बंगळूर नागरत्नम्मा त्यात आघाडीवर होत्या. तिरुवय्यारूला संत त्यागराजांची समाधी ज्यांनी जीर्णोद्धार करून उभी केली, त्याच त्या विदुषी. आम्ही कलावंत आहोत, आम्हाला सरसकट वेश्या म्हणू नका, आमच्याबद्दल निर्णय घेताना आम्हाला विचारा, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरीकडे मूवलूर रामामिर्तम अम्माळ होत्या. त्या याच समाजातून आलेल्या आणि प्रथा संपवण्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या. समाज एका सुरात बोलत नव्हता.

मुथुलक्ष्मींची भाषा या स्त्रियांबद्दल कधीकधी फार कठोर होती. त्यांनी निवेदनं देणाऱ्यांचं म्हणणं अधिक शांतपणे ऐकायला हवं होतं, असं आज वाचताना वाटतं. त्यांच्याबद्दलचा आदर बाळगूनही हे म्हणता येतं.

प्रथा गेली तशी कलाही गेली का?

कला राहिली, माणसं बदलली. देवदासींचं ‘सदिर’ १९३० च्या दशकात ‘भरतनाट्यम’ या नावाने सभागृहांच्या रंगमंचावर आलं आणि उच्चवर्णीय घरांतल्या मुली ते शिकू लागल्या. बालसरस्वतींसारखे थोडे अपवाद सोडले, तर जुन्या घराण्यांतल्या नर्तकी मागे पडल्या. ही हानी खरी आहे. तिचं सगळं खापर मुथुलक्ष्मींवर फोडणं मात्र अन्यायाचं होईल.

मे १९३० मध्ये राजीनामा का दिला?

मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली म्हणून. त्यांचं देवदासी प्रथा बंदीचं मुख्य विधेयक त्या वेळी सभागृहापुढे होतं. राजीनामा दिला तर ते मागे पडणार, हे त्यांना माहीत असणारच. तरी दिला. ज्या सरकारने गांधीजींना तुरुंगात टाकलं, त्याच सरकारने नेमलेल्या जागेवर बसून राहणं त्यांना शक्य नव्हतं.

विधेयकाचं पुढे काय झालं?

ते बारगळलं. कायदा झाला १९४७ मध्ये, म्हणजे १९२७ च्या ठरावानंतर तब्बल वीस वर्षांनी. यातल्या राजीनाम्यानंतरच्या वर्षांत त्या आमदार नव्हत्या, पण लेख, निवेदनं, सभा आणि मंत्र्यांच्या भेटी असा पाठपुरावा चालूच होता. त्यांची आमदारकी साडेतीन वर्षांच्या आसपासची. एखादा प्रश्न तडीला न्यायला पद किती लागतं आणि चिकाटी किती लागते, याचं प्रमाण या दोन आकड्यांत दिसतं.

अव्वै होम कसं सुरू झालं?

प्रथेच्या कचाट्यातून सुटू पाहणाऱ्या काही मुली त्यांच्याकडे आल्या. त्यांना कोणतंही वसतिगृह ठेवून घेईना. जातीचा प्रश्न होता आणि ‘असल्या घरच्या मुली’ हा शिक्का होता. मुथुलक्ष्मींनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवलं. तिथून १९३०-३१ च्या सुमारास संस्था उभी राहिली. प्राचीन तमिळ कवयित्री अव्वैयार यांच्यावरून नाव ठेवलं. शाळा आली, शिक्षिकांचं प्रशिक्षण आलं. मुलींना शिकवून स्वतःच्या पायावर उभं करायचं, हा एकच धरलेला धागा.

कर्करोगाच्या कामाकडे कशा वळल्या?

धाकटी बहीण १९२३ मध्ये कर्करोगाने गेली. स्वतः डॉक्टर असून काही करता आलं नाही, ही बोचणी राहिली. १९३५ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजच्या शताब्दी समारंभात त्यांनी कर्करोगासाठी वेगळ्या रुग्णालयाची कल्पना जाहीरपणे मांडली. कर्करोग म्हणजे मरणच, त्यावर पैसा कशाला, असा तेव्हा सर्रास सूर असे. वर्गणी गोळा करत, सरकारी नकार पचवत त्या सतरा वर्षं मागे लागल्या. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि जून १९५४ मध्ये अड्यारला संस्था सुरू झाली. खाटा होत्या १२. मुथुलक्ष्मींचं वय तेव्हा ६७ होतं.

त्यांचा मुलगा डॉ. कृष्णमूर्ती आणि १९५५ मध्ये रुजू झालेल्या डॉ. व्ही. शांता यांनी हे काम मोठं केलं. शांतांना २००५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये निधन होईपर्यंत त्या याच संस्थेशी बांधलेल्या राहिल्या.

आपल्याकडच्या देवदासी प्रश्नाशी या कामाचा काही संबंध आहे का?

प्रश्न तोच, ठिकाणं वेगळी. खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्या, यल्लम्माच्या जोगतिणी, गोव्यातल्या भाविणी. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुरळी प्रथेविरुद्ध मोहीम चालवली होती. मुंबई प्रांताने १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा केला, म्हणजे मद्रासच्या बंदीच्या कायद्याआधी. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा २००५ चा. कायदे झाले, पण कोल्हापूर-सांगलीकडच्या सीमाभागात मुली सोडणं त्यानंतरही लगेच थांबलं नाही. तिथे इनाम जमीन हे कारण क्वचितच होतं. दारिद्र्य, केसांत जट येणं, घरातलं आजारपण, देवीचा कोप ही कारणं होती. म्हणून उपायही वेगळा लागला. जट सोडवणारे कार्यकर्ते, पेन्शन, मुलांच्या दाखल्यावर बापाच्या नावाची सक्ती नको ही मागणी. प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं शोधायचं, ही पद्धत मात्र मुथुलक्ष्मींचीच.

आज त्यांच्या कामाच्या खुणा कुठे दिसतात?

अव्वै होम आणि कर्करोग संस्था, दोन्ही चेन्नईत अड्यारला चालू आहेत. तमिळनाडू सरकार गरीब गरोदर स्त्रियांना त्यांच्या नावाच्या प्रसूती साहाय्य योजनेतून पैसे देतं. ३० जुलै हा त्यांचा जन्मदिवस तिथल्या सरकारी रुग्णालयांत ‘रुग्णालय दिन’ म्हणून पाळला जातो.